हैदराबाद–नागपूर विमान आणि मागं राहिलेली गंगा

विमानानं जायचं हे माझं ठरवणं होतं. पोचूबाईंना मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. नर्सची नोकरी करता करता माणूस दुसऱ्याचं भलं परस्पर ठरवायला शिकतो, आणि मी तर त्यात आधीपासूनच पटाईत.

गेली चार वर्षं या ब्लॉगवर मी एसटीनं आणि रेल्वेनं केलेल्या प्रवासांबद्दल लिहिते आहे. कुठे चहा चांगला, कुठला रस्ता खराब, कुठे मुक्काम करू नका, हे सगळं सांगते. तुमच्यापैकी अनेकांनी विचारलं, "मॅडम, पहिल्यांदा विमानात कधी बसलात?" मी दर वेळी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. आता सत्तरी जवळ आली. वेळ मारून नेण्याएवढा वेळच उरलेला नाही, म्हणून लिहिते.

चांद्यापासून, म्हणजे चंद्रपूरपासून, गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. माझं माहेर माजरीचं. माझे बा तिथल्या कोळसा खाणीत छताला लाकडी टेकू लावायचं काम करायचे. मला नोकरी लागली ती थेट आलापल्लीच्या पुढं जंगलात, एका उपकेंद्रात. एक खोली, एक कंदील, औषधांचं एक कपाट आणि अंगणात मोहाचं झाड. शेजारचं पहिलं घर पोचूबाईंचं. गोंड कुटुंब, थोडी धानाची शेती, बाकी मोह, तेंदू, डिंक. नवरा वारलेला. एकुलती एक मुलगी सोमी, एकोणीस वर्षांची.

सोमी म्हणजे माझा लाऊडस्पीकर होती. लसीकरणाच्या दिवशी ती नाल्याच्या काठावर उभी राहायची आणि पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या बायांना नावानं हाका मारायची. एक हाक पुरायची. बाया पोरांना कडेवर घेऊन निघायच्या. त्याच सोमीला एका पावसाळ्यात हाक मारताना धाप लागू लागली. मी छातीला नळी लावली आणि मला कळलं. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप खराब केली होती.

हैदराबादच्या एका धर्मादाय दवाखान्यात अशी ऑपरेशनं व्हायची. आमच्या भागातल्या लोकांना नागपूरपेक्षा तिकडची वाट जास्त ओळखीची. मी पत्रव्यवहार केला, तारीख मिळवली, रजा काढली. पोचूबाई तयार नव्हत्या. त्यांच्या दाराशी बसून मी सांगितलं, "काही होत नाही. पंधरा दिवसांत पोरगी आपल्या पायानं चालत घरी येईल." सोमीनं माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "बाई म्हणून राह्यली ना, काई होत नाई."

बल्लारशाहून रेल्वेनं आम्ही तिघी गेलो. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर भले होते, जागरणं करणारे होते. चौथ्या दिवशी ताप चढला, सहाव्या दिवशी सोमी गेली. चूक कोणाची नव्हती. पण शब्द माझा होता.

तिला तिथंच माती दिली. त्या जागेची मूठभर माती, सोमीची एक बांगडी आणि थोडे तांदूळ पोचूबाईंनी पांढऱ्या फडक्यात बांधले. ते गाठोडं त्या खाली ठेवत नव्हत्या. झोपतानासुद्धा छातीशी. आणि सोमी घरी पोचेपर्यंत मीठ खायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. नुसता भात, तोही दिवसातून एकदा, पाण्यात कालवून. दोन दिवसांत बाई काडीसारखी दिसू लागली.

आणि नेमका सप्टेंबरचा पाऊस. वरंगलच्या बाजूला रुळांवर पाणी आलं, गाड्या बंद. कधी सुरू होतील ते स्टेशनावर कोणी सांगेना. आम्ही धर्मशाळेत अडकलो. एक पोर तर गेली, आता तिची आईही माझ्या हातात जाते की काय. तेवढ्यात धर्मशाळेच्या मॅनेजरनं सांगितलं की हैदराबाद–नागपूर अशी नवी विमानसेवा चालू झाली आहे, छोटं विमान आहे, आठवड्यातून काही दिवस जातं. मला तर देवदूत भेटल्यासारखं झालं. सोमीच्या ऑपरेशननंतरच्या औषधांसाठी राखलेले पैसे माझ्याजवळ तसेच पडून होते. त्यात दोन तिकिटं आली. माझ्या महिनाभराच्या पगाराएवढी रक्कम, हे हिशेबी वाचकांसाठी. हल्ली ज्याला इकॉनॉमी म्हणतात तसला वर्ग म्हणून निराळा नव्हता. सगळ्यांना सारखीच खुर्ची, सारखीच एक लिमलेटची गोळी.

पोचूबाईंना म्हटलं, "उद्या विमानानं जायचं. दीड तासात नागपूर." त्या गाठोड्याकडे बघत म्हणाल्या, "तू म्हणशीन तसं, बाई." ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

विमानतळ तेव्हा शहरातच होतं. सायकल रिक्षानं गेलो. विमान लहान असल्यानं सामानाबरोबर माणसांचंही वजन करायचे. मोठा काटा, धान्याच्या गोदामात असतो तसा. मी उभी राहिले, आकडा लिहिला गेला. पोचूबाई चढल्या तर काट्यावरचा माणूस हिंदीत म्हणाला, गाठोडं बाजूला ठेवा. त्या हलल्या नाहीत. मी त्याच्या जवळ जाऊन हळूच सांगितलं काय आहे ते. त्यानं टोपी काढून काखेत धरली आणि गाठोड्यासकट जे भरलं तेच लिहिलं. खाली उतरताना पोचूबाईंनी मला विचारलं, "दोघींचं किती भरलं?"

मी म्हटलं, "एक्केचाळीस." त्यांनी मान हलवली. पुढं कितीतरी दिवस तो आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही.

विमान पाहून मात्र त्या थांबल्या. दोन पंखे, आत दोन्ही बाजूंना एकेकच खुर्ची, मधून वाकून जायची वाट. "एवढंसंच? याच्यापक्षा आपली आलापल्लीची एसटी मोठी हाय," त्या म्हणाल्या. सोमी गेल्यानंतर पहिल्यांदा त्या असं काही बोलल्या होत्या. पुढं बसलेले सिमेंटच्या कारखान्याचे एक साहेब गालात हसले. गडचांदूरला निघाले होते म्हणे, नागपूरहून जीप येणार होती. एका माणसानं ताटलीतून लिमलेटच्या गोळ्या आणि कानात घालायला कापूस फिरवला. पोचूबाईंनी कापूस घेतला नाही, गोळ्या दोन मागितल्या. दोन्ही गाठोड्याच्या गाठीत खोचल्या.

मला डावीकडची खिडकी, त्यांना उजवीकडची, मध्ये हातभर अंतर. विमान धावू लागलं, उचललं आणि हैदराबादचे खडक, तळी, गच्च्या तिरप्या होऊन मागं गेल्या. कोणालाही आवडावं असंच ते होतं. मलाही आवडलं. त्या परिस्थितीतही आवडलं, हे कबूल करते. पाच-सात मिनिटांत आम्ही ढगांच्या वर आलो. खाली पांढरं, पिंजलेल्या कापसासारखं, टोकापर्यंत. जमीन नावाची गोष्ट उरली नाही.

तेव्हा पोचूबाईंनी माझा हात ओढला. पंख्यांच्या आवाजात माझ्या कानाला तोंड लावून त्या म्हणाल्या, "बाई, गंगा आली का सांगजो मले."

आमच्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात. मी विचारलं, कशाला? तर त्या मला समजावू लागल्या, जसं एखाद्या लहान लेकराला समजवावं तसं. जीव आपल्या मागं मागं चालत येतो. पण पाणी आलं की तो काठावर थांबतो. त्याला आपण होऊन पाणी ओलांडता येत नाही. नदी असो की नाला, आपण सांगायचं असतं की पाणी आलं, माझा पदर धर, ये. दोन दाणे तांदूळ टाकायचे. सांगायचं राहिलं तर जीव त्या काठावरच राहतो, वाट पाहत. रेल्वेत काय, पूल आला की खडखड आवाज येतो, आपोआप कळतं. "इथी आवाजच नाई येत पान्याचा," त्या म्हणाल्या. "मले वर भेव लागते, मी डोये मिटून बसतो. तू पाह्य. गंगा आली की सांग."

त्यांनी डोळे मिटले. एका चिमटीत तांदूळ धरून बसल्या.

मी खाली पाहिलं. पांढरं. मागं पाहिलं, पुढं पाहिलं. पांढरंच. आम्ही बौद्ध. आमच्या घरी आत्मा मानत नाहीत, जीव मागं येतो, काठावर थांबतो, हे तर अजिबात नाही. बा तर असल्या गोष्टींवर तासभर बोलायचे. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की बाई माझ्या एका शब्दावर डोळे मिटून बसली आहे. पुन्हा एकदा.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "आली?" मी म्हटलं, नाही अजून. परत थोड्या वेळानं, "आली?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळाला घाम. दोन दिवसांची अळणी भातावरची बाई. समोर दोघा वैमानिकांच्या पाठी दिसत होत्या. उठून विचारायला जावं तर पट्टा सोडू नका म्हणून सांगितलेलं. मनाशी हिशेब केला की आता आली असेल, इतका वेळ झाला. आणि मी म्हटलं, "आली. आली गंगा."

पोचूबाईंनी दोन दाणे पायाशी टाकले. गोंडीत काहीतरी बोलल्या, त्यात सोमीचं नाव दोनदा आलं. मग खुर्चीला डोकं टेकवलं. त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. गेल्या कित्येक दिवसांत त्यांचा चेहरा एवढा सैल मी पाहिला नव्हता. मला वाटलं, बरं झालं. कोणाचं काय बिघडलं?

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना. मी विमानातून नद्या हाकत होते.

साधारण दहा मिनिटांनी माझ्या बाजूला ढग फाटले. खाली तांबडं, रुंद पाणी, दोन्ही काठ सोडून शेतांत शिरलेलं, मध्ये वाळूची बेटं बुडायला आलेली. एवढी मोठी नदी त्या वाटेवर दुसरी नाही. शाळेत नकाशे गिरवलेल्या कोणालाही कळलं असतं. गंगा ती होती. मघाशी काहीच नव्हतं, कुठलं तरी कोरडं रान असेल ढगाखाली.

पोचूबाईंचे डोळे मिटलेलेच. हात लांब करून खांदा हलवायचा आणि म्हणायचं, चुकलं माझं, आत्ता आली. एवढंच. तांदूळ होते त्यांच्याजवळ. पण मग मघाचं काय, हे सांगावं लागलं असतं. मी खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. ढग पुन्हा मिळाले. नदी गेली. पुढच्या दोन नद्यांनाही मी अंदाजानंच "आली" म्हटलं. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही.

नागपूरला ऊन होतं. विमानतळाबाहेर ऑटो करून एसटी स्टँड, तिथून चंद्रपूरची गाडी. जांबला गाडी थांबते, तिथला चहा तेव्हा चांगला होता, आता मला माहीत नाही. वाटेत वणा नदी आली, छोटे नाले आले. प्रत्येक पुलावर पोचूबाई खिडकीतून दोन दाणे टाकत आणि पुटपुटत. आता त्यांना माझी गरज नव्हती, पाणी दिसत होतं. मी मान फिरवून बसत होते. कारण मला वाटत होतं की त्या जिला बोलावताहेत ती मागं नाहीच. माझा विश्वास नव्हता तरी असं वाटत होतं. याचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

भद्रावतीला उतरून संध्याकाळी माजरीला बाच्या क्वार्टरवर गेलो. आईनं पोचूबाईंसाठी बिनमिठाचा भात वेगळा शिजवला. काही विचारलं नाही. ओसरीवर गाठोडं मांडीवर घेऊन त्या जेवल्या. मी बाला अंगणात गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं बा म्हणतील, जाऊ दे, असल्या गोष्टी मनावर घेऊ नको.

बा बिडी विझवत म्हणाले, "दिसली होती का तुले नदी, जेव्हा आली म्हणलं?"

"नाही."

"अन् दिसली तेव्हा?"

"तेव्हा गप्प बसले."

"आपन जीव-बीव मानत नाई, ते आपल्यापुरतं," बा म्हणाले. "तिनं तुले देवाचं नाई विचारलं. खिडकीतून काय दिसते ते विचारलं. खानीत मी टेकू ठोकला की खालचा मानूस मले विचारते, भाऊ, पक्का हाय का? मी त्याले बरं वाटावं म्हनून हो म्हनू का?"

अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, तसा माझा बैल माजरीच्या अंगणात उभा होता.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरहून आलापल्लीची एसटी. गोंडपिपरीपर्यंत रस्ता बरा, पुढं खड्डे. आष्टीच्या अलीकडे वैनगंगा येते. पूर उतरत होता, पाणी पुलाच्या कठड्यांना चाटून गेल्याच्या खुणा होत्या, पुलावर गाळ. गाडी माणसाच्या चालीनं पुढं सरकत होती. पोचूबाई उठून उभ्याच राहिल्या. ही त्यांची ओळखीची नदी. आता मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "सोमे, वैनगंगा आली व. पदर धर. आता घर जवळ हाय."

मला राहवलं नाही. त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि सांगितलं. ढगांचं सांगितलं, अंदाजाचं सांगितलं, नंतर नदी दिसल्याचं सांगितलं, गप्प बसल्याचं सांगितलं. मी रडत होते. रडून माफी लवकर मिळते अशी माझी समजूत असावी.

पोचूबाई रडल्या नाहीत. हात काढून घेतला. पूल संपला, आष्टीची माणसं उतरली, पुढं कितीतरी वेळ सागाची झाडं दोन्ही बाजूंनी मागं जात राहिली. मग त्यांनी विचारलं, "किती येळानं दिसली?"

"दहा मिनिटांनी."

"मंग ती तिकडंच हाय," त्या म्हणाल्या. "गंगेच्या त्या काठावर. एकटी."

बस्स, एवढंच. शिवी दिली असती तर सोसलं असतं. आलापल्ली आली. इथून त्यांचं घर पायी दोन तासांवर. पण त्या गावाच्या वाटेला लागल्याच नाहीत. स्टँडच्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "सिरोंच्याची गाडी कवा हाय?"

मी म्हटलं, सकाळी. पण नदी लागली ती तर तिकडे दूर, निर्मल गावाच्या बाजूला, सिरोंचा कुठे? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तसंच, लेकराकडे पाहावं तसं. "गंगा एकच हाय ना? पोरगी काठाकाठानं येईल. पानी जिकडं जाते तिकडंच येईल. संगमाच्या खाली उभं राह्यलं का एकच पानी वलांडा लागते. मंग बाकीच्या नद्या लागतच नाई." अख्खा नकाशा त्या बाईच्या डोक्यात होता. मी मात्र तो हैदराबादपासून एकदाही मागितला नव्हता.

आलापल्ली ते सिरोंचा हा रस्ता ज्यांना करायचा असेल त्यांनी हिवाळ्यात करावा. आम्ही केला तो पावसाळ्याच्या शेपटाला. शंभर किलोमीटरला अख्खा दिवस गेला. दोन ठिकाणी नाल्यावर पाणी, उतरेपर्यंत गाडी उभी, माणसं खाली उतरून बिड्या ओढत बसली. एका ठिकाणी सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली, मीही. खायला फुटाणे आणि केळी. पोचूबाईंनी केळंही खाल्लं नाही. संध्याकाळी सिरोंच्याला पोचलो तर दुकानांच्या पाट्या तेलुगूत आणि मराठीतही, भातासोबत चिंचेचं झणझणीत सार. मुक्काम तिथल्या नर्सकडे. ओळख नव्हती, पण नर्सला नर्स परकी नसते.

सकाळी उजाडताच निघालो. संगमाच्या खाली, गावापासून बरंच चालून, काठावर आलो. वरून प्राणहिता, पश्चिमेकडून गंगा, दोन्ही मिळून झालेलं पाणी एवढं रुंद की पलीकडची झाडं बोटाएवढी. आता तिथं मोठा पूल आहे, गाड्या भुर्रकन पलीकडे जातात. तेव्हा नाव चालायची, तीही पुरात बंद. काठावर कोणी नव्हतं. एक माणूस लांब जाळं झाडत होता.

पोचूबाईंनी गाठोडं पदरात घेतलं, गुडघाभर पाण्यात उतरल्या. मला वाटलं आता हाक मारतील. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "मार हाक."

"मी?"

"माह्या मांगं नाई आली थे. मी तर जाऊच नको म्हनत होती. तुह्या मांगं आली, तुह्या शब्दानं आली. तुह्याच हाकेनं येईल."

मी पाण्यात उतरले. माझ्यासाठी ती नदी होती, दोन नद्यांचं मिळालेलं पाणी. पैलतीरावर कोणी उभं नव्हतं, हे मला ठाऊक होतं, आणि तरी मला तिकडे नीट पाहवत नव्हतं. सोमी नाल्याच्या काठावर दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारायची ते आठवलं. तसेच हात धरले.

"सोमे..."

पहिली हाक जवळच विरली. दुसरी पाण्यावरून गेली. जाळंवाला माणूस हातातलं काम सोडून उभा राहिला.

"सोमे, मी खोटं बोलली तुह्या मायशी. तवा गंगा नव्हती आली. गंगा इथी हाय. मी इथी हाय. ये, सोमे. घरी चाल."

किती वेळ मारल्या हाका, सांगता येत नाही. आवाज बसला. पोचूबाई कमरेपर्यंत पाण्यात गेल्या, पदर पाण्यात पसरला, थांबल्या, उचलला. पदरात बोटाच्या पेराएवढा एक मासा तडफडत होता. त्यांनी तो तांब्यातल्या पाण्यात सोडला, तांब्याच्या तोंडावर हात धरला आणि म्हणाल्या, "आली."

त्या माशात मला सोमी दिसली असं मी लिहिणार नाही. मला मासा दिसला. पण पोचूबाईंनी त्यानंतर माझा हात धरला, काठ चढायला, आणि तो वर येऊनही सोडला नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टर सिरोंच्याचाच होता. तांब्या आणि गाठोडं पाहून त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं. विचारलं एवढंच, "अम्मा, कोण हाय?" पोचूबाई म्हणाल्या, "पोरगी." त्यानं पुढची जागा खाली करून दिली. पहिला नाला आला तेव्हा त्यानं घंटी मारली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, हळू घे. पोरगी येऊन राह्यली." गाडी थांबल्यासारखी झाली. पोचूबाईंनी दोन दाणे टाकले. पुढच्या प्रत्येक नाल्यावर तो घंटी मारत गेला. गाडीत कोणी कुरकुर केली नाही. एक म्हातारा तर नाला यायच्या आधीच सांगायचा, "आता येईल बरं."

गावी पोचलो. बाया जमल्या. आत काय झालं ते मी इथं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. बाहेर आल्यावर पोचूबाईंनी चूल पेटवली, आंबील केली, त्यात मिठाचा खडा टाकला. पहिली वाटी मला दिली, मग स्वतः प्यायल्या. लिमलेटच्या दोन गोळ्या गाठीतून काढून आत ठेवल्या. माझ्याशी त्या पुढं बोलत राहिल्या, लस टोचायला बायांना पाठवत राहिल्या. मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बरं वाटावं म्हणून त्या हो म्हणाल्या असत्या का, याची भीती होती.

ती नवी विमानसेवा थोड्याच दिवसांत बंद पडली असं नंतर ऐकलं. आता नागपूरहून पाहिजे तिथं विमानं जातात. माझी मुलगी दक्षिणेकडे असते, वर्षातून एकदा मी जाते. तुम्हालाही सांगते, खिडकीची जागा मागा, वर पैसे लागले तरी. पावसाळ्यानंतर ढग नसले तर गोदावरी फार छान दिसते.

नोकरीच्या उरलेल्या सव्वीस वर्षांत "काही होत नाही" हे वाक्य मी एकाही पेशंटला म्हटलं नाही. माहीत असलं ते सांगितलं, नसलं तर नाही म्हटलं. पुष्कळांना माझा राग आला. मागच्या वर्षी विमानात शेजारी एक आजी होत्या, पहिल्यांदाच बसलेल्या, माझा हात घट्ट धरून. खाली सगळं पांढरं होतं. त्यांनी विचारलं, "आपन कुठी आलो व, बाई?"

मी खिडकीतून नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माहीत नाही, आजी," मी म्हटलं. "दिसलं की सांगते."